मिनिटाला अठ्ठावीस थेंब

१२ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

आज घर तापवायची डिझेलची शेगडी माळ्यावरून खाली आणली. दर वर्षी हे काम बाबा करतात, पण ते सप्टेंबरात मालमोटार घेऊन आखातात गेले आहेत आणि दोन हिवाळे परत येणार नाहीत. जाताना त्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या : आईच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस, आणि आईला शेगडीला हात लावू देऊ नकोस. या दोन्ही एकाच वेळी कशा पाळायच्या, हे विचारायचे राहून गेले.

धुराच्या पाइपाचे सहा तुकडे अंगणात आपटून काजळी काढली. कोपऱ्याच्या तुकड्यातून चिमणीचे अख्खे घरटे निघाले. न बघता पेटवली असती तर सगळा धूर घरात भरला असता. हे आईला सांगितले. ती म्हणाली, "अरे देवा, बिचारी चिमणी!"

ही वही औषधाच्या दुकानातून आणली आहे. तिथे मी डब्यांवर "दिवसातून दोनदा, जेवणानंतर" असे लिहायचे काम करतो. शाळा नववीत सुटली, पण शब्दकोश सोडलेला नाही. मालक म्हणतात, माझ्या चिठ्ठीवर चूक सापडली तर गिऱ्हाइकाला औषध फुकट. अजून कुणाला मिळालेले नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डोंगरावर बर्फ दिसले. आज पहिल्यांदा शेगडी पेटवायची होती.

दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीत एकाची शेगडी भडकली होती. छत काळे झाले आणि त्या माणसाची दाढी गेली ती आजतागायत एका बाजूने उगवलेली नाही. तो रस्त्यात भेटला की मी त्याच बाजूला बघतो. म्हणून मी आधी सगळे तपासले : शेगडी ओळंब्यात आहे का, टाकी गळते का, पाइपाचे सांधे घट्ट आहेत का, वरची टोपी वाऱ्याच्या तोंडाला नाही ना. खिडकी चार बोटे उघडी ठेवली. या सगळ्याला एक तास दहा मिनिटे लागली. आई दोन गोधड्या पांघरून बसली होती.

"एकीकडून शेगडी पेटवतोस, दुसरीकडून खिडकी उघडतोस," ती म्हणाली. "मी काय गल्ली गरम करू?"

तेवढ्यात शफीकमामा आला. मामाचे केशकर्तनालय आहे, आणि त्याची मिशी हीच दुकानाची पाटी आहे. "सरक," म्हणाला. डिझेलची तोटी उघडली, कागदी रुमालाचा बोळा पेटवून आतल्या वाटीत टाकला, झाकण लावले. शेगडी पेटली. "बघ! याला काय पदवी लागते?"

पाच मिनिटांत वाऱ्याचा झोत पाइपातून खाली आला आणि शेगडी विझली. मामाने पुन्हा तोटी सोडली. मी म्हटले, "मामा, वाटी तापलेली आहे. गरम वाटीत डिझेल पडलं की त्याची वाफ होते. थंड होऊ दे." मामा म्हणाला, "तू जन्मलास तेव्हा तुझी दुपटी मी याच शेगडीवर वाळवली." मग तोंडात सिगारेट ठेवून आत काय झाले आहे ते बघायला तो वाकला.

आवाज फार मोठा झाला नाही. झाकण वीतभर उडाले आणि परत जागेवर पडले. मामाला इजा झाली नाही. मिशीची उजवी बाजू मात्र राहिली नाही.

आई हसू लागली तेव्हा मी तिला थांबवले. ही हसण्याची गोष्ट नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस थेंब मोजले. टाकीतून डिझेल थेंबाथेंबाने वाटीत पडते, आणि नळीपाशी ते डोळ्यांनी दिसते. मिनिटाला वीस थेंब ठेवले तर आईला हुडहुडी भरते. चाळीस ठेवले तर पाइप घुमू लागतो. अठ्ठावीसला ज्योत शांत राहते आणि झाकणावरचा चहाही गरम राहतो. मी तोटीवर खिळ्याने खूण केली.

अकरा सूचनांचे पत्रक लिहून शेगडीमागच्या भिंतीवर लावले. "पेटत्या शेगडीत टाकी भरू नये." "शेगडीवर कपडे वाळत घालू नयेत." "विझलेली शेगडी गार झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नये." ही तिसरी सूचना तांबड्या शाईत आहे.

मामाने डावी मिशीही कापून दोन्हीकडे पातळ रेघ ठेवली आहे. गिऱ्हाइकांना सांगतो की राजधानीत, दमास्कसमध्ये, हल्ली अशीच ठेवतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हनादीबद्दल या वहीत काही लिहायचे नाही असे ठरवले होते. पण आजची बाब शेगडीची आहे, म्हणून लिहावे लागते.

ती समोरच्या घरात राहते. प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली आहे. तिचे वडील, अबू नायेफकाका, यांनी तीस वर्षे दमास्कसची बस चालवली. त्यांना कुठल्याही यंत्राबद्दल कुणी काही सांगितलेले चालत नाही. मला ती सहा वर्षांपासून आवडते. एवढे एक वाक्य पुरे.

आज दुपारी ती दारात आली. "वद्दाह, आमची शेगडी आवाज करतेय."

"कसला आवाज? हुं हुं असा, की धड धड असा?"

तिने विचार केला. "दोन्हींच्या मधला."

असा आवाज मी ऐकलेला नाही. आईला बरोबर घेऊन लगेच गेलो. काका कॉफीखान्यात गेले होते. थेंब मोजले : तीस. ज्योत चांगली. आवाज नाही. अर्धा तास कान लावून बसलो. तिने झाकणावर संत्र्याची साल ठेवली, तिचा वास फार छान सुटला. साल जळून काजळी होऊ शकते हे मी सांगितले. तिने ती ताबडतोब काढली आणि विचारले, "मग काय ठेवावं?"

मी म्हटले, "काहीच ठेवू नये."

आईने परतताना माझ्या डोक्यात टपली मारली. कारण सांगितले नाही.

१ डिसेंबर, रविवार

हनादीकडची शेगडी मंगळवारी विझली होती आणि आज पुन्हा विझली. दोन्ही वेळा मला बोलावणे आले आणि दोन्ही वेळा तोटी पूर्ण बंद सापडली. तोटी आपोआप बंद होत नाही. मी तक्ता केला. दोन्ही वेळा काका कॉफीखान्यात होते. यावरून दिसते की घराबाहेर पडताना काकाच तोटी बंद करून जातात आणि मागे बायको-मुलीला थंडीत बसावे लागते. बाहेरून एवढा दिलदार दिसणारा माणूस!

आईला हे समजावून सांगितले. ती इतकी हसली की हातातले वांगे सोलायचे तिला थांबवावे लागले.

"मुलगी काय म्हणाली?" तिने डोळे पुसत विचारले.

"म्हणाली, बरं झालं तू आलास."

"आणि तू काय म्हणालास?"

"तोटीला तेल द्या म्हणालो."

आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला मागणी घातली तेव्हा तेसुद्धा पहिल्यांदा आमच्या दाराची बिजागरी बघत होते." याचा इथे काय संबंध ते कळले नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

दुकानातून आलो तर शेगडी पेटलेली आणि भिंतीवरचे पत्रक गायब. आई म्हणाली, कागदी रुमाल संपले होते. "अक्षर फार सुंदर आहे रे तुझं. पण पेटलंही छान."

नवीन पत्रक लिहायला घेतले. हनादीने एक प्रत स्वतःसाठी मागितली आहे. तिच्या प्रतीला मी समास सोडला.

९ डिसेंबर, सोमवार

हनादीला स्थळ आले आहे. दमास्कसचा तिचा दूरचा चुलतभाऊ, चौथ्या मजल्यावर घर, आणि घरात भिंतीला लावलेली उष्णतेची यंत्रे. आग तळघरात, गरम पाणी नळ्यांतून वर. तो २७ तारखेच्या शुक्रवारी वडीलधाऱ्यांना घेऊन मागणी घालायला येणार.

जेवण गेले नाही. मी प्रामाणिकपणे विचार केला. घरात ज्योत नाही, काजळी नाही, डिझेल नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे. हे आईला सांगितले.

"गाढवा," आई म्हणाली. तिने चादर डोक्यावर घेतली आणि सरळ समोरच्या घरी गेली. तासाभराने परत आली ती २० तारीख ठरवूनच. "त्याच्या आधीचा शुक्रवार. शफीकला सांग, भाषण तयार कर. बाबांना मी फोन करते."

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज गल्लीत हनादी भेटली. म्हणाली, "दमास्कसच्या त्या घरात म्हणे आग दिसतच नाही. संध्याकाळी माणसानं काय भिंतीकडे बघत बसायचं?"

दुसऱ्याबद्दल अन्यायाने बोलू नये म्हणून मी तिला ती पद्धत नीट समजावून दिली. नळ्यांत गरम पाणी फिरते, धूर होत नाही, झोपताना विझवावी लागत नाही. तिने सगळे ऐकून घेतले.

"तू ना, वद्दाह..." ती म्हणाली आणि वाक्य पूर्ण न करताच निघून गेली. शिक्षिकेने वाक्य अर्धे सोडावे याचे नवल वाटले. बहुधा मी नववीपर्यंतच शिकलो आहे, हेच तिला म्हणायचे असेल.

१९ डिसेंबर, गुरुवार

मामाने उद्याची शिकवणी घेतली. "कॉफी येईल. कप समोर ठेवायचा. हात लावायचा नाही. मी बोलेन. अबू नायेफ 'प्या' म्हणाला की मुलगी दिली. त्याआधी ओठ लावलेस तर सगळ्या गावात तोंड दाखवायची सोय नाही."

"समजलं."

"आणि ते आपल्या मानाखातर शेगडी मोठी करतील. तू शेगडीकडे बघायचं नाहीस. दुसऱ्याच्या घरातली आग पाहुण्यानं कमी करायची म्हणजे त्याला तोंडावर कद्रू म्हणणं. समजलं?"

मी म्हटले, किती मोठी करतील?

मामाने माझ्याकडे पाठ फिरवली. मग आईला म्हणाला, "ताई, याला आपण दोरीनं बांधून नेऊ."

२० डिसेंबर, शुक्रवार

जे झाले ते क्रमाने लिहितो.

दुपारचा नमाज झाल्यावर आम्ही तिघे गेलो. बाहेर वारा आणि भुरभुर बर्फ. आत काकांनी स्वतः दार उघडले, आम्हाला शेगडीजवळच्या गाद्यांवर बसवले आणि म्हणाले, "आज माझ्याकडे कुणाला थंडी वाजली तर मी मिशी उतरवीन." हे मामाकडे बघून म्हणाले की सहज, ते माहीत नाही. मग त्यांनी तोटी फिरवली. पूर्ण.

मी छताकडे बघत राहिलो. हनादीच्या आईने, उम्म नायेफनी, कॉफी आणली. चार कप. आम्ही ते समोर ठेवले. मामाने सुरुवात केली. आमच्या पणजोबांपासून सुरुवात केली.

आजोबांपर्यंत पोचेतो पाइप घुमू लागला. बाबांपर्यंत पोचेतो पाइपाचा कोपरा लाल झाला. झाकण थरथरत होते. मी थेंब मोजायचा प्रयत्न केला, पण मोजणार काय, तिथे धार लागली होती. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती हसतमुखाने "किती उबदार घर!" म्हणत होती. मामा म्हणाला, "आणि आमचा वद्दाह, शांत, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही..."

त्याच वेळी मी उठलो आणि तोटी बंद केली.

खोलीत फक्त पाइप घुमण्याचा आवाज राहिला. मग तोही हळूहळू थांबला आणि ज्योत विझली.

"कुणी बंद केली?" काका म्हणाले. ते त्यांना दिसले होते.

"मी, काका."

"माझ्या घरात? माझी शेगडी? पाहुण्यांना मी थंडीत बसवतो असं म्हणायचंय तुला?"

मला माझ्या तक्त्याची आठवण झाली. कॉफीखान्यात जाताना तोटी बंद करणारा माणूस हे बोलतो आहे, असे वाटले. काकांनी तोटी पुन्हा पूर्ण सोडली. झाकण उघडले. वाटी लाल नव्हती, पण चांगलीच तापलेली होती, आणि त्यात डिझेल पडताच पांढरा धूर वर आला. तो धूर नाही, ती वाफ. मी ओरडलो, "काका, पेटवू नका! वाटी गार होऊ द्या!"

"तीस वर्षं बस चालवली मी! खिंडीत, बर्फात! आणि हा मला वाटी शिकवतोय!" त्यांनी कागदी रुमाल घेतला, काडी ओढली. रुमाल पेटला. ते वाकले.

पुढचे मला विचार करून करता आले नाही. मी त्यांच्या हातातून पेटता बोळा हिसकावला. टाकायला जागा नव्हती. खाली गालिचा, मागे आई, पुढे शेगडी. समोर माझा कप होता. मी बोळा कॉफीत बुडवला.

चर्र झाले.

मागणीची कॉफी! काळ्या कॉफीवर जळका कागद तरंगत होता. आईने डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारात हनादी उभी होती आणि तिने तोंडावर हात धरला होता. काकांचा चेहरा पाइपाच्या कोपऱ्यासारखा झाला होता.

तेव्हा शफीकमामा उठला. "अबू नायेफ," तो म्हणाला, "पोरगा बरोबर बोलतोय. माझी मिशी बघ."

"तुझी मिशी दमास्कसची ना?"

"कसली दमास्कसची! गरम वाटी, वर डिझेल, वाकलो, आणि धाड! माझ्या ताईला विचार." मामाने आवाज खाली आणला. "हे बाहेर कुठे बोलू नकोस. माझं दुकान आहे."

काकांनी मामाची मिशी पाहिली, मग झाकणातून येणारी वाफ पाहिली. मग स्वतःच्या मिशीवरून एकदा हात फिरवला आणि तोटी बंद केली.

मी सगळ्या खिडक्या उघडल्या. वाटी गार व्हायला चाळीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ सगळे जण पाहुण्यांच्या खोलीत कोट घालून बसले होते. आई आणि उम्म नायेफ एकाच गोधडीत. बर्फ आत येत होते. मग मी वाटीत साचलेले डिझेल चिंध्यांनी टिपून डब्यात काढू लागलो. काका बॅटरी धरून माझ्या शेजारी बसले.

"अजून किती?"

"तळाशी थोडं राहिलंय, काका."

"एवढं सगळं कुठे शिकलास?"

खोटे बोलण्याइतके मला सुचत नव्हते. म्हटले, "शिकलो नाही, काका. मला भीती वाटते. म्हणून बघत राहतो."

बॅटरीचा उजेड हलला. ते हळूच म्हणाले, "मलाही वाटायची. खिंडीतल्या उतारावर. मागे चाळीस माणसं झोपलेली, आणि मी दर वळणाला ब्रेक दाबून बघायचो. तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही." मग नेहमीच्या आवाजात, "तिकडे कोपऱ्यात पूस, तिथे राहिलंय!"

मी नवा बोळा पेटवून टाकला, झाकण लावले. ज्योत धरली. तोटी थोडी सोडली आणि घड्याळ लावून थेंब मोजू लागलो. तेवढ्यात हनादी आत आली. तिच्या हातात ताटली आणि ताटलीत एकच कप होता. तो तिने माझ्यासमोर ठेवला.

काका म्हणाले, "पी."

मी म्हटले, "हात डिझेलचे आहेत, काका. शिवाय अजून दहा मिनिटं ज्योत बघायला हवी."

"अरे, पी म्हणतो ना मी!"

"हो, पण सव्वीसच थेंब—"

मामाने मला लाथ मारली. आईने "पी रे मेल्या!" म्हणून माझे मनगट धरले आणि कप तोंडाला लावला. त्याच क्षणी दोघी बायकांनी लग्न ठरल्यावर करतात तसा जीभ फिरवून असा काही आनंदाचा चीत्कार केला की मला वाटले पाइप पडला. मी वर बघितले. पाइप जागेवर होता. मग हनादीकडे बघितले. तेव्हा मला मामाची शिकवणी आठवली.

कॉफी चांगली होती. बहुधा. मला चव डिझेलची आली.

२१ डिसेंबर, शनिवार

दुकानात आज पहिल्यांदा एका डब्यावर चूक केली. "जेवणानंतर"च्या जागी "मागणीनंतर" लिहिले. गिऱ्हाइकाला औषध फुकट मिळाले. मालकांनी माझ्याकडून त्याला मिठाईही देवविली.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज दोन्ही घरांच्या शेगड्या काढल्या. पाइप आपटले, टाक्या रिकाम्या केल्या, भिंतीतल्या भोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या, म्हणजे चिमणी आत शिरणार नाही. काका शिडी धरून होते आणि पूर्ण वेळ सूचना देत होते. त्यांनी आमचे पत्रक चौकटीत लावून घेतले आहे आणि कॉफीखान्यात सगळ्यांना सांगतात की ते त्यांनीच मला तोंडी सांगितले. लग्न जूनमध्ये आहे.

एक समाधानाची गोष्ट नोंदवतो. २० डिसेंबरनंतर हनादीकडची शेगडी एकदाही विझली नाही, एकदाही आवाज केला नाही. पत्रकाचा एवढा उपयोग होईल असे मलाही वाटले नव्हते.

फक्त एक बाब अजून उलगडलेली नाही. काका शपथेवर सांगतात की त्यांनी तोटीला कधी हात लावला नाही, आणि माझा आता त्यांच्यावर विश्वास आहे. म्हणून आज पाइप पुसताना हनादीलाच विचारले, मग तेव्हा तोटी बंद कोण करत होते?

तिने पाइपावर चिंधी आणखी जोरात फिरवली. मग म्हणाली, "वारा."

वाऱ्याने तोटी फिरत नाही. ती आत असते, आणि घट्ट असते. पण तिचा चेहरा काजळीने माखला होता आणि ती फार हसत होती, म्हणून मी वाद घातला नाही. तक्त्यात कारणाच्या रकान्यात "वारा" असे लिहिले आहे. पुढच्या हिवाळ्यात आपल्या घरी लक्ष ठेवीन.